पंगत, उपवास आणि उष्मांक

पंगतीत बसलेल्याने 'पुरे' म्हणावे आणि वाढणाऱ्याने ते ऐकू न आल्यासारखे करावे, हा आपल्या समाजातला जुना संकेत आहे. पानावर आडवा धरलेला हात हा खरा नकार आहे की केवळ शिष्टाचार, हे ओळखण्यात वाढणाऱ्याचे कसब मानले जाई. जिलब्यांच्या पैजा, लाडवांचे विक्रम, वाटीने तूप पिणारे एखादे आजोबा यांच्या कथा जवळजवळ प्रत्येक घराण्यात आहेत. त्या सांगताना सांगणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. त्याच घरांत आज पुरणपोळीच्या दिवशी जेवणाआधी रक्तातली साखर तपासणारे एखादे तरी माणूस असते, आणि भ्रमणध्वनीवर प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणारे तरुणही असतात. सणाच्या ताटाभोवती आग्रह, भय आणि गणित अशी तिन्ही एकत्र बसलेली असतात.

या प्रसंगी दोन मते हमखास ऐकू येतात. अन्न मोजणे हे पाश्चात्त्यांचे खूळ असून आपली परंपरा मनसोक्त जेवण्याची आहे, हे एक. आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, त्यांच्याप्रमाणे वागलो असतो तर ही वेळ आली नसती, हे दुसरे. इतिहास यांपैकी कोणत्याही मताला पुरता दुजोरा देत नाही. तो जे सांगतो ते या दोहोंपेक्षा अधिक उपयोगी आहे.

प्रथम आपल्या जुन्या ग्रंथांकडे पाहू. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त आहाराच्या मात्रेला वाहिलेला एक स्वतंत्र अध्याय आहे. पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग घन अन्नाने भरावेत, एक द्रव पदार्थाने भरावा आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असा त्यातला दंडक. चरकसंहितेत हीच कल्पना तीन भागांच्या रूपाने येते. हे माप तोळ्यामाशांचे नाही. खाणाऱ्याच्या स्वतःच्या पोटाचे आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा असे दोघेही योगास अपात्र ठरविले आहेत. त्यावर भाष्य करताना ज्ञानदेवांनीही आहार घ्यावा पण तो विचाराच्या मापाने मोजावा, असाच आशय मांडला आहे. म्हणजे 'मोजणे' ही कल्पना मराठी वाङ्मयाला तेराव्या शतकापासून परिचित आहे.

पण दुसरा प्रवाहही तितकाच जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या भोजनाचे मोठ्या हौसेने वर्णन आहे. मांडे, वडे, सारण भरून केलेले प्रकार, मांसमत्स्यांचे आणि दह्यादुधाचे पदार्थ यांची त्यात रेलचेल आहे. सतराव्या शतकात रघुनाथ सूरीने 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. समर्थ संप्रदायाशी आणि तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंध असलेल्या या पंडिताने कोणता पदार्थ कसा करावा हे सांगतानाच त्याचे गुणदोषही नोंदवले. रसना आणि संयम या दोहोंना एकाच पोथीत जागा देणारी ही दृष्टी आपल्या परंपरेचे खरे स्वरूप दाखवते. परंपरेने मेजवानी नाकारली नाही. तिला चौकट दिली.

ती चौकट दोन ठिकाणी दिसते. एक पंगतीत, दुसरी पंचांगात.

पंगतीचा विधी आज आपल्याला केवळ शोभेचा वाटतो. पानाच्या डाव्या अंगाला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्यभागी वरणभाताची मूद आणि तिच्यावर तुपाची धार. सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणी सुरुवात करायची नाही. चित्राहुती, आपोशन, मधूनच कोणीतरी खड्या आवाजात म्हटलेला श्लोक, मग पुढचा भात, मग पक्वान्न, शेवटी ताकभात. या क्रमामुळे जेवणाला वेळ लागे. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात, असे आजचे शरीरशास्त्र सांगते. पंगतीचा संथपणा ती मिनिटे सहज मिळवून देई. पानात उष्टे टाकू नये या संस्कारामुळे मागतानाच विचार करावा लागे. आग्रह हा या सर्वांच्या विरुद्ध दिशेने ओढणारा घटक होता, हे खरे. परंतु अशी पंगत वर्षातून मोजक्याच वेळा बसे, आणि एरवीचे जेवण भाकरी, आमटी, पालेभाजी एवढेच असे.

पंचांगाची चौकट अधिक बारकाईची. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून कांदा, लसूण, वांगे यांचा निरोप घ्यायचा आणि चातुर्मासात ते वर्ज्य करायचे. नागपंचमीला चिरणे, भाजणे, तळणे टाळून उकडलेली दिंडे किंवा गोमंतकात पातोळ्या करायच्या. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे धान्य न खाता कंदमुळांची आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी खायची, तीही गणपतीच्या मोदकांच्या दुसऱ्याच दिवशी. गौरीजेवणानंतर पितृपक्ष, मग नवरात्राचे उपवास, त्यानंतर दसरा आणि दिवाळी. भरणे आणि रिते करणे यांची ही आवर्तने पाहिली म्हणजे वाटते, की पंचांग हे आपल्या समाजाचे सामूहिक हिशेबाचे पुस्तकच होते.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या घरांत या पुस्तकाला दुसरी वहीही जोडली गेली. इंदूर-ग्वाल्हेरकडील शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. बडोद्यात संक्रांतीला तिळगूळ आपला आणि उंधियू शेजारचे. बेळगावात पुरणपोळी आणि होळगी यांच्यातले अंतर उंबरठ्याएवढेच. हैदराबादेत दिवाळीचा फराळ शेजारी जातो आणि ईदेला शिरखुर्मा घरी येतो. ही आपल्या सहजीवनाची श्रीमंती आहे. मात्र दोन्ही पंचांगांतले सण घेतले आणि उपवास एकाही पंचांगातले उरले नाहीत, तर जमाखर्चाचा मेळ कसा बसावा?

उपवासाची गोष्ट निघालीच आहे, तर आपल्याच पूर्वजांनी केलेले एक निदान आठवावे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कोणा पाश्चात्त्य डॉक्टरने रचलेली नाही. धर्माने घातलेला बांध जिभेने कसा फोडला, हे त्या चार शब्दांत आले आहे. परंपरेला स्वतःची पळवाट ठाऊक होती आणि तिच्यावर हसण्याचा प्रामाणिकपणाही होता.

आता या चित्राची दुसरी बाजू. ज्या पंगतींच्या आठवणी आपण जपतो त्या कोणाच्या होत्या? पेशवाईतील श्रावणमासाची दक्षिणा आणि ब्राह्मणभोजने, बडोदे संस्थानातील रोजची खिचडी, सरदारांच्या वाड्यांतले मुक्तद्वार, हे सारे समाजाच्या एका लहान भागासाठी होते. रांधण्यासाठी, धान्य पिकवण्यासाठी आणि उष्टी काढण्यासाठी राबणारे हात त्या पानांवर क्वचितच बसले. बहुसंख्य मराठी माणसांचा प्रश्न अति खाण्याचा नव्हताच.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हे उघडे पडले. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळून निघाले. जानेवारी १८७७ मध्ये सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेसा होईल, असे ठरविले. आधीचे दीड पौंडाचे प्रमाण त्यांना उधळपट्टीचे वाटले. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर श्रम करणारा माणूस तगणार नाही, असे बजावून सांगितले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली आणि महात्मा फुल्यांनी त्यासाठी मदतीचे आवाहन काढले. आज हिशेब केला तर एक पौंड धान्यातून सुमारे साडेपंधराशे उष्मांक मिळतात. जड श्रम करणाऱ्या पुरुषाची गरज आजच्या शिफारशीनुसार ३४७० आहे. खडी फोडणाऱ्या माणसाला धान्यातून त्याच्या निम्म्याहूनही कमी दिले जात होते. आपल्या भूमीवर अन्न मोजण्याचा पहिला मोठा वाद झाला तो मेजवानीवरून झाला नाही, उपासमारीवरून झाला, हे विसरता येत नाही.

त्या वादात दोन्ही पक्षांच्या हाती नेमके माप मात्र नव्हते. ते युरोप-अमेरिकेत घडत होते. लाव्हॉझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली होती. जगणे हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हा त्यातला सिद्धान्त. पुढे जर्मनीत मॅक्स रूब्नर आणि अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी तो अन्नाला लावला. अ‍ॅटवॉटर यांनी १८९० च्या दशकात मिडलटाउन येथे एक लहानशी बंदिस्त खोली बांधली. तीत माणूस काही दिवस राही, तेथेच खाई, झोपे, व्यायाम करी, आणि त्याने खाल्लेल्या अन्नाचा व बाहेर टाकलेल्या उष्णतेचा ताळेबंद मांडला जाई. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन म्हणजे चार, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे नऊ, हे सूत्र आजही जगभर वापरले जाते. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातला एक उष्मांक. अ‍ॅटवॉटर यांचा हेतूही गरीब कामगाराला थोड्या पैशांत अधिक शक्ती कशी मिळेल, हे पाहण्याचा होता. जीवनसत्त्वांचा शोध तेव्हा लागायचा होता, म्हणून भाज्या-फळांना त्यांनी महागडे अन्न ठरवले. केवळ उष्मांकांवर भिस्त ठेवण्याचा धोका असा जन्मापासूनच दिसतो.

हे माप वजन उतरवण्याकडे वळवले ते लुलू हंट पीटर्स या अमेरिकन महिला डॉक्टरने. स्वतःचे सत्तर पौंड वजन कमी केलेल्या या बाईंचे 'डाएट अँड हेल्थ' हे पुस्तक १९१८ मध्ये निघाले. पोळीचा तुकडा किंवा मिठाईचा खंड असे न म्हणता इतके उष्मांक म्हणा, असे त्यांनी वाचकांना शिकवले. महायुद्धाच्या दिवसांत अंगावर चरबी साठवणे म्हणजे धान्याची साठेबाजीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. भुकेल्यांसाठी घडलेला तराजू तृप्तांच्या घरी गेला तो असा.

भारतात त्याचा प्रवास निराळा झाला. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेल्या पोषण संशोधनाची सूत्रे १९३५ मध्ये डब्ल्यू. आर. अ‍ॅक्रॉइड यांच्याकडे आली. १९३७ मध्ये त्यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका सिद्ध केली. ज्वारी, नाचणी, हरभरा, गूळ यांचे मोल त्यात आकड्यांत आले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावरही हेच अ‍ॅक्रॉइड होते. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेस आली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्था झाली. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये काढलेली तक्त्यांची आवृत्ती पुढे कित्येक वर्षे प्रमाण राहिली. २०१७ मध्ये नवे तक्ते प्रसिद्ध झाले. बडोद्यात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये गृहविज्ञान विद्याशाखा उघडली, आणि हे शास्त्र आपल्या घरांतल्या मुलींच्या वह्यांत उतरले. आपल्या दोन जुन्या वस्त्यांच्या गावी या विद्येची अशी ठाणी झाली.

त्या १९७१ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीत ३७२ उष्मांक, गुळात ३८३, कणकेत ३४१ आणि तुपात ९०० असतात. तीस ग्रॅम डाळ, तीस ग्रॅम गूळ, तीस ग्रॅम कणीक आणि दहा ग्रॅम तूप धरले तर एक पुरणपोळी सुमारे ४२० उष्मांकांची होते. आता उपवासाचे ताट घेऊ. साठ ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि पंधरा ग्रॅम तूप यांची खिचडी, बटाटा सोडला तरी, सुमारे ५१५ उष्मांकांची भरते. म्हणीतले 'दुप्पट' अगदी अक्षरशः खरे नसेल, पण तिची दिशा चुकलेली नाही. बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज २०२० च्या शिफारशीनुसार १६६० उष्मांकांची आहे. दोन पुरणपोळ्यांत तिचा निम्मा दिवस संपतो. हा आकडा पुरणपोळीवरचा आरोप नव्हे. पूर्वी तीच पोळी खाणारी बाई जाते ओढत होती, विहिरीचे पाणी शेंदत होती, आणि ती पोळी तिच्या वाट्याला वर्षातून चार-सहा वेळा, तीही बहुधा शेवटच्या पंगतीत येत होती.

बदल झाला तो येथे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांनी ते पाळले. त्या दशकातील टंचाईत लग्नातल्या पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी बंधने आली होती. शिधापत्रिकेवरची साखर साठवून दिवाळी करणारी पिढी अजून आपल्यात आहे. तिच्या दृष्टीने आग्रह म्हणजे प्रेमाचे सर्वांत मोलाचे रूप, कारण दुर्मीळ वस्तू दुसऱ्याच्या पानात घालण्यात त्याग होता. त्यानंतर दुर्मिळता गेली आणि आग्रह तेवढा राहिला. चकली-चिवडा वर्षभर मिळू लागला, श्रीखंड डब्यात आले, पंगत उठली आणि उभ्याने जेवण्याची पद्धत आली. आता क्रम नाही, थांबणे नाही, आणि पान पुन्हा किती वेळा भरले याचा साक्षीदारही नाही.

हे सारे ज्या शरीरांवर येऊन आदळले त्यांचाही इतिहास आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. वजनाने लहान, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक, अशी ही बाळे होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र छापले. उंची आणि वजनाच्या प्रमाणाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, पण चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपुऱ्या पोषणाशी या ठेवणीचा संबंध असावा, असा या संशोधनाचा रोख आहे. टेंपलसाहेबांचा एक पौंड आणि आजची रक्तशर्करा यांच्यामध्ये सरळ रेघ ओढता येणार नाही. तरी उपाशी भूतकाळ भरल्या ताटावर येऊन बसतो, ही कल्पना आता निव्वळ काव्य राहिलेली नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमधले त्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. गोमंतकातील आपल्या बांधवांना हे आकड्यात सांगावे लागत नसेल.

मग सणाला काय करावे? या बाबतीत एका अमेरिकन अभ्यासाचा निष्कर्ष बोलका आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १९५ माणसांचे सणांच्या सहा-सात आठवड्यांतले वजन पाहिले गेले. वाढ सरासरी केवळ ०.३७ किलोग्रॅम निघाली, लोक समजत होते त्याहून पुष्कळ कमी. मात्र पुढच्या महिन्यांत ती उतरली नाही. म्हणजे एका दिवसाचे जेवण आपल्याला बुडवत नाही. सण संपल्यावर रिते करण्याचे राहून जाते, ते बुडवते. आपल्या पंचांगाने मोदकांमागे ऋषीची भाजी का ठेवली असेल, याचे उत्तर यात सापडते.

उष्मांक मोजणे वाईट नाही. ज्यांना आजाराने ते भाग पाडले आहे त्यांना सणाच्या ताटावर टोमणे मारणे तर निव्वळ क्रौर्य आहे. पण प्रत्येक घासाला वही उघडणे सर्वांना जमणारे नाही, आणि तसे जेवण जेवणही राहत नाही. आकड्यांनी आपल्याला एकदा जागे करावे आणि मग पुढचे काम रीतींवर सोपवावे, हे बरे. सणाची पोळी सणालाच करावी आणि ती तुपासह, मन लावून खावी. उपवास खरोखर हलका करावा. शक्य तेथे बसून, क्रमाने, सर्वांबरोबर जेवावे. आपल्या मंडळांच्या वार्षिक स्नेहभोजनांत निदान एक पंगत पानावर बसवता येईल.

एवढे केले तरी आग्रहाचा प्रश्न उरतोच, कारण तो प्रेमाचा प्रश्न आहे. दुष्काळ आणि टंचाई पाहिलेल्या माणसांनी तो आपल्याला दिला. त्याची टिंगल करू नये. मात्र भुकेल्याच्या पानात अधिक वाढणे हे ज्या काळी प्रेम होते, तो काळ आता आपल्या घरांपुरता तरी मागे पडला आहे. पानावर आडवा आलेला हात पाहून वाढप्याने पळी मागे घ्यावी आणि 'सावकाश होऊ द्या' एवढेच म्हणून पुढे जावे. आणि ती पळीभर पोळी-भाजी ज्याच्या पानात अजूनही पुरेसे पडत नाही, त्याच्याकडे वळवता आली, तर धनकवडीच्या त्या अन्नाची थोडी तरी परतफेड होईल.